मंदाकिनीबाईंच्या कपाटातलं विमान

सत्तावीस नंबरच्या दारावर टकटक करण्यात मंदाकिनीबाईंचा फायदाच फायदा होता. तोटा एकच, दुपारच्या झोपेचा. आणि ती अशीही त्यांना गेला महिनाभर लागत नव्हती.

आतून काहीतरी जळल्याचा वास येत होता. वास आहे म्हणजे शेगडी आहे किंवा इस्त्री आहे. पकडली, की पुढच्या शनिवारी होस्टेल कमिटीपुढे सांगायला एक ताजी गोष्ट हाताशी. साठीला दोन महिने उरलेल्या रेक्टरकडे ताजी गोष्ट असली की ती अजून कामाची वाटते. कामाची वाटली की दोन वर्षांची मुदतवाढ. आणि मुदतवाढ म्हणजे तळमजल्यावरची ती दहा बाय बाराची खोली, तिच्या खिडकीला टेकलेलं बुचाचं झाड आणि सकाळी सहाला कोणालाही न विचारता करून घेतलेला आपला स्वतःचा चहा. सहा महिन्यांसाठी म्हणून त्या या कर्वेनगरातल्या होस्टेलात आल्या, त्याला बावीस वर्षं झाली होती. एवढा सगळा ऐवज एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला दोन पोरींची थोडी रडारड. पारडं कुठे झुकणार हे सांगायला नको.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी."

त्या इमारतीत 'मी' एकच होती. दार उघडलं.

दारात स्वराली होती, कोल्हापूरची. बोलायला पुढे, अभ्यासाला मागे. "मॅडम, आम्ही काही शिजवत नाही आहोत. प्रॉमिस!"

"मग जळतंय काय? अभ्यास?"

स्वराली बाजूला झाली. मागे फरशीवर दीपमाला बसली होती. वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याची, दुसऱ्या वर्षाची. दोन वर्षांत तिच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती, आणि मंदाकिनीबाईंच्या मते ही गोष्टच मुळात संशयास्पद होती. तिच्या हातात बांबूच्या कामटीचं धनुष्य होतं आणि प्रत्यंचेच्या जागी बारीक तार. तारेची दोन्ही टोकं एका जुन्या चार्जरला जोडलेली. समोर थर्माकोलचा ठोकळा; त्यातून तिनं पापडासारख्या पातळ चकत्या काढल्या होत्या.

"हे काय?"

"कटर आहे मॅडम. तार गरम होते, थर्माकोल कापते."

"आणि गादी?"

"गादी नाही कापत मॅडम," दीपमालानं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं.

स्वरालीनं खोकल्याचं सोंग केलं. मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि खोकला बरा झाला.

मग त्यांची नजर वर गेली. मच्छरदाणीच्या दोरीला एक विमान टांगलेलं होतं. पंख हातभर लांब, इतके पातळ की खिडकीतला उजेड त्यांच्यातून आरपार येत होता. पोटाखाली रबराचा एक सैल पट्टा, पुढे पंखा, मागे चिमुकली शेपटी. दार उघडल्यामुळे आत आलेल्या वाऱ्यावर ते हळूच एका कुशीवर वळलं आणि परत सरळ झालं. झोपेत माणूस कूस बदलतो तसं.

"याचं वजन किती?" हा प्रश्न रेक्टरनं विचारायचा नव्हता, विचारला गेला.

"सहा ग्रॅम."

"उडतं?"

"उडते ना मॅडम. मोटर नाही आहे, फक्त रबर. चारशे पीळ दिले की दीड मिनिट राहते हवेत. मी दोन मिनिटं करून राहिली आहे. पुढच्या रविवारी कॉम्पिटिशन आहे वारज्याच्या बॅडमिंटन हॉलमध्ये. दोन मिनिटं झाली तर कॉलेजच्या टीममध्ये घेतात."

"कॉलेजात वर्कशॉप आहे की त्यासाठी."

"ते सहाला उघडते मॅडम. पोरं साडेनऊपर्यंत बसतात." दीपमाला थांबली. "आपलं गेट सातला बंद होते."

गेट सातला बंद करण्याचा नियम कोणाचा, हे तिघींनाही माहीत होतं. मुली पाठीमागे मंदाकिनीबाईंना 'एकशे चव्वेचाळीस' म्हणत. चौघी एका ठिकाणी जमल्या की त्या येतात, म्हणून. हे त्यांना ठाऊक होतं आणि आतून त्याचा थोडा अभिमानही होता.

"कटर जप्त. विमानही."

"विमान काहून मॅडम? त्यात करंट नाही आहे."

"बंदी असलेल्या वस्तूनं केलेली वस्तूही बंदीतच येते. शनिवारी कमिटी येऊन गेली की संध्याकाळी घेऊन जा. रविवारी उडव, नाहीतर रंकाळ्यात सोड."

"रंकाळा कोल्हापूरला आहे मॅडम," स्वराली म्हणाली.

"मला माहीत आहे. तुलाही बरोबर पाठवते."

विमान न्यायचं कसं, हा मात्र प्रश्न होता. दीपमालानं रबर बांधलेल्या मधल्या काडीला दोन बोटांनी धरून दाखवलं. मंदाकिनीबाईंनी तसं धरलं आणि व्हरांड्यात आल्या. बावीस वर्षं त्या व्हरांड्यातून चपला वाजवत चालत आल्या होत्या. त्या दुपारी त्यांना हळू चालावं लागलं. जरा पाऊल लांब पडलं की विमान हातातल्या हातात वर उचलायचं, जणू त्याला जायचं आहे आणि ह्या बाईंचा हात मध्ये येतोय. वाऱ्यात निरांजन न्यावं तशा त्या एक हात आडवा धरून चालल्या. समोरून येणाऱ्या मुली भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. कोणी हसलं नाही. एकीनं तर चप्पल काढली.

जप्तीच्या वस्तू जिन्याखालच्या खोलीत टाकायच्या, ही पद्धत. तिथे चौदा शेगड्या, नऊ इस्त्र्या, एक पॉपकॉर्नचं यंत्र आणि पुष्कळ उंदीर होते. मंदाकिनीबाई त्या दाराशी क्षणभर थांबल्या आणि विमान घेऊन थेट आपल्या खोलीत गेल्या. दार लावलं. कडीही लावली.

यापुढे जे झालं ते त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही.

त्या दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि विमान सोडलं. फेकलं नाही, बोटं फक्त उघडली. ते पडलं नाही. खोलीच्या मधोमध गेलं, टेबलावरच्या हजेरीपटांवरून, चष्म्याच्या घरावरून, आईच्या फोटोसमोरून, इतक्या सावकाश की त्याची सावलीच आधी पलंगावर पोहोचली आणि ते मागाहून येऊन तिच्यावर टेकलं. आवाज नाही, काही नाही. बाहेर रस्त्यावर टँकरवाला हॉर्न वाजवत होता तो कुठल्या तरी दुसऱ्या गावातला वाटला.

मंदाकिनीबाईंनी विमान उचललं, परत दाराशी गेल्या आणि पुन्हा सोडलं. त्यानंतर आणखी एकदा. ही खोली एवढी मोठी आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. दहा बाय बारा म्हणजे चालायला पाच पावलं. पण विमानाला दारापासून खिडकीपर्यंत जायला लागलेला वेळ मोजायचं त्यांना सुचलंच नाही, आणि मोजणं हा ज्या बाईचा स्वभाव, तिला मोजायचं सुचू नये, ही त्या दुपारची खरी मोठी घटना.

मग त्या भानावर आल्या. विमान ठेवायचं कुठे? सगळ्या इमारतीत सुरक्षित जागा एकच होती, त्यांचं लोखंडी कपाट. वरच्या खणात ठेवणीतल्या साड्या. आईच्या इरकलीवर त्यांनी विमान अलगद ठेवलं. खणात चार डांबरगोळ्या होत्याच. लोकाच्या पोरीची वस्तू आहे, कसर लागायला नको, म्हणून त्यांनी आणखी दोन टाकल्या. कपाट बंद करून किल्ली कमरेला खोचली आणि पलंगावर आडव्या झाल्या. झोप लागली.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आमोद नारायण पेठेत वाढला आणि आता वारज्याला नवव्या मजल्यावर राहायला गेला होता.

"आत्या, काय ठरलं तुझं? खोली तयार आहे हं इकडे."

"शनिवारी कळेल."

"म्हणजे तुला यायचं नाहीये."

"मी कुठे तसं म्हटलं?"

"बरं, आलीस तर खोलीतली व्यायामाची सायकल राहू दे ना तिथेच? दुसरीकडे मावत नाही."

"तू चालवतोस ती?"

"नाही. पण अस्मिता टॉवेल वाळत घालते तिच्यावर."

भाचा वाईट नव्हता. भाचेसूनही वाईट नव्हती. नवव्या मजल्यावर उजेड होता, वारा होता, लिफ्ट होती. फक्त तिथे मंदाकिनीबाई पाहुण्या असणार होत्या आणि पाहुण्या बाईनं सकाळी सहाला दुसऱ्याच्या ओट्यावर भांडं वाजवायचं नसतं.

गुरुवारी, कमिटीसमोर नेसायची साडी काढायला त्यांनी कपाट उघडलं.

आधी त्यांना वाटलं, विमान कोणीतरी बदललं. पंखांच्या कडा आत वळल्या होत्या. मधे मधे खड्डे पडले होते, बत्ताशावर पाण्याचे थेंब पडावेत तसे. डावा पंख एका ठिकाणी इरकलीला चिकटला होता. सोडवायला गेल्या तर तो तुटून हातात आला. शेपटी आक्रसून पिस्त्याच्या सालाएवढी झालेली. उंदीर नाही, कसर नाही. डांबरगोळ्यांचा वास तेवढा भरून राहिलेला, तोच वास, जो बावीस वर्षं त्यांना 'सगळं जागच्या जागी आहे' असं सांगत आला होता.

एखाद्या मुलीला काही सांगायचं तर तिला ऑफिसात बोलवायचं, हा रिवाज. त्या दिवशी मंदाकिनीबाई जिना चढून सत्तावीस नंबरला गेल्या. हातात विमान, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

दीपमालानं कागद उघडला. मग तिनं वास घेतला.

"डांबरगोळ्या होत्या का मॅडम?"

"होत्या."

"किती?"

"चार. आणि..." मंदाकिनीबाईंनी चष्मा पुसला. "आणि तुझ्या विमानासाठी म्हणून दोन जास्तीच्या."

दीपमाला हसायला लागली. हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले, आणि ते कुठल्या कारणानं ओले झाले होते हे कळायला मार्ग नव्हता. "त्याचा वास थर्माकोलला खाते मॅडम. वितळवून टाकते. तुमाले कसं माहीत असणार? मीच सांगाले पाह्यजे होतं."

हे शेवटचं वाक्य लागलं. तिनं आदळआपट केली असती तर मंदाकिनीबाईंकडे उत्तरं होती. बावीस वर्षांची तयारी होती.

"दुसरं करायला किती वेळ लागतो?"

"दोन दिवस. पण थर्माकोल संपला. आणि कटर..."

"कटर माझ्याकडे आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "थर्माकोलचं बघते. चल."

मेसमध्ये गेल्या महिन्यात पाण्याचा नवा कूलर आला होता. त्याच्या खोक्यातला थर्माकोल स्वयंपाकाच्या कुसुमताईंनी ताबडतोब ताब्यात घेतला होता. त्यात त्या दही लावत.

"द्या तो," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"आन् दही कशात लावू?"

"नका लावू दोन दिवस."

"शनवारी कमिटी हाय. सायेब दह्याबिगर जेवत न्हाईत."

"साहेबांना सांगा, दही उडालं."

कुसुमताईंनी बाईंकडे नीट बघितलं. वीस वर्षांत ह्या बाईनं त्यांच्याशी केलेला हा पहिला विनोद होता. त्यांनी थर्माकोल दिला, वर फडक्यानं पुसूनही दिला.

कापण्याचं काम मंदाकिनीबाईंच्या खोलीत झालं, कारण लांब टेबल तिथेच होतं. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या पट्ट्या ठेवायच्या आणि तापलेली तार त्यांवरून सरकवत न्यायची. एका हातानं होत नाही, तार वाकते. एक टोक दीपमालानं धरलं, दुसरं कोणी धरायचं? स्वरालीचे हात थरथरत होते, कारण ती हसत होती. मंदाकिनीबाईंनी पदर खोचला आणि धरलं. होस्टेलात यायच्या आधी सोळा वर्षं त्या कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डं कापत होत्या. त्यांचा हात रेघेसारखा सरळ जाई. तार थर्माकोलमधून लोण्यातून सुरी जावी तशी गेली आणि पापुद्रा सुटून वर आला.

"बापरे!" दीपमाला म्हणाली. "माझ्याहून पातळ निघाला मॅडम."

"मागे बघ. पट्टी सरकतेय."

शुक्रवारभर विमान तयार होत राहिलं. दुपारी खिडकीतून बुचाच्या झाडाची हिरवी सावली टेबलावर पडली होती, सुटे पंख त्या सावलीत ठेवलेले, आणि फेविकॉल वाळेपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. तिघी नुसत्या बसून होत्या. कारंज्याला दीपमालाच्या घरामागे कापसाचं जिनिंग आहे, हंगामात तिथून कापूस उडून अंगणात येतो आणि तो खाली पडण्याआधी पकडायचा असा त्यांचा लहानपणचा खेळ होता, हे तिनं सांगितलं. मंदाकिनीबाई ऐकत होत्या. आणि हजेरीपट उशाशी बंद पडून होता.

विमान तयार झालं तरी ते कसं वळतं, नाक जड आहे की शेपटी, हे उडवून बघावं लागतं. त्यासाठी उंच छत हवं आणि हवा अगदी स्तब्ध. बाहेर मार्चअखेरचा गरम वारा. इमारतीत उंच छत एकाच ठिकाणी होतं, मेसच्या हॉलला. कमिटी शनिवारी पाचला येणार होती. मंदाकिनीबाईंनी तीनला हॉल उघडला, खिडक्या लावल्या आणि आठही पंखे स्वतः बंद केले. जेवणाच्या वेळेखेरीज हॉलमध्ये कोणी बसायचं नाही, हा नियमही त्यांचाच होता. पंधरा-वीस मुली आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी हाकललंही नाही.

"घाम गाळायला बोलावलं व्हय?" म्हणत कुसुमताई दाराशी टेकल्या.

दीपमालानं बोटानं पीळ द्यायला सुरुवात केली. स्वराली मोजत होती, तीनशे, साडेतीनशे, चारशे. रबराच्या गाठींवर गाठी चढल्या. मग दीपमालानं हात वर केला आणि उघडला.

विमान निघालं. घाई नव्हती त्याला. चालत्या माणसाच्या वेगानं ते टेबलांवरून गेलं, भिंतीपाशी आपणहून वळलं आणि पहिल्या फेरीतच माणसाच्या डोक्यापेक्षा वर गेलं. दुसऱ्या फेरीला बंद पंख्यांच्या पात्यांच्या खाली. तिसऱ्या फेरीला दोन पंख्यांच्या मधून. वरच्या झरोक्यांतून उन्हाचे तिरके पट्टे आले होते. पट्ट्यात शिरलं की विमान पेटल्यासारखं दिसे, बाहेर आलं की नाहीसं होई. मुली माना वर करून बघत होत्या. श्वाससुद्धा जपून घेत होत्या, आपल्या श्वासानं त्याला धक्का लागेल अशा बेतानं. घामाचा थेंब मंदाकिनीबाईंच्या कानामागून मानेवर उतरला, तो त्यांनी पुसला नाही. त्यांना वाटलं, हे असंच चालू राहील. पाच वाजतील, सात वाजतील, गेट कोणी लावणार नाही.

दार उघडलं. यज्ञेश्वरराव.

कमिटीचे सचिव, बँकेतून निवृत्त. पाच म्हणजे साडेतीन, कारण न सांगता लवकर येणं ही त्यांची तपासणीची पद्धत. उघड्या दारातून वारा आत शिरला आणि वर विमान थरथरलं.

"हा काय प्र..."

"दार लावा," मंदाकिनीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आणि बोलू नका."

यज्ञेश्वररावांना असं त्यांच्या पत्नीनंही कधी सांगितलेलं नव्हतं. ते इतके चकित झाले की त्यांनी दार लावलं. मग, दुसरं काही करण्यासारखं नसल्यानं, त्यांनीही वर बघितलं.

विमान सावरलं. आणखी तीन फेऱ्या. रबर सैल पडत गेलं तसं ते पायरी पायरीनं खाली उतरत आलं, शेवटची फेरी टेबलांच्या उंचीवरून मारली आणि ताटांच्या रॅकजवळ फरशीवर टेकून दोन वीत सरकलं. स्वरालीनं मोबाईल दाखवला. एक मिनिट चौपन्न.

"उजवा पंख जरा भारी आहे," दीपमाला पुटपुटली. "तेवढं वजन निघून जाईल."

"मग ते काढ. विमान वर ने, इथे आता वारा होईल," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "सगळ्याच जा. कुसुमताई, चहा टाका."

हॉल रिकामा होईपर्यंत यज्ञेश्वरराव थांबले. मग रुमालानं मान पुसत म्हणाले, "उतरलं का आपलं विमान?"

"उतरलं."

"छान. विमानतळाचं आम्हाला कळवलं नव्हतंत. पंखे कोणी बंद केले?"

मंदाकिनीबाई बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. माणूस खवचट होता, दुष्ट नव्हता. आणि बाईंची मुदतवाढ व्हावी असंच त्यांचं मत होतं, कारण नवी रेक्टर शोधणं हे त्यांच्याच मानेवर येणार होतं. "घाईनं बोलू नका. आज आपला विषय आहे. बाकीचे चौघं पाचला येतील आणि व्हरांड्यात त्यांना ही बातमी कळेलच, इतक्या पोरींनी पाहिलंय. मुलीनं आपल्याला न विचारता हॉल उघडला, जप्तीच्या वहीत नोंदलेली ती गरम तार न विचारता वापरली, असं असेल तर तसं लिहू. तिला होस्टेल सोडावं लागेल, कॉट-बेसिसवर कुठेही राहील. आपलं काही बिघडत नाही. बोला."

मंदाकिनीबाईंनी हिशेब केला. तो त्यांना येतच होता. इकडे बुचाचं झाड, सकाळचा चहा, दोन वर्षं. तिकडे एक मुलगी, जी जूनपर्यंत त्यांना विसरणार होती. असल्या हिशेबाला त्यांना एरवी पदर सावरण्याइतकाही वेळ लागला नसता.

"पंखे मी बंद केले," त्या म्हणाल्या. "हॉल मी उघडला. कटर माझ्या खोलीत वापरला. कापताना एक टोक मी धरलं होतं."

"कुठल्या नियमात बसतं हे?"

"कुठल्याच नाही. बसवून पाहिलं मी."

"एक मिनिट चौपन्न?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"हो."

"हं." त्यांनी रुमालाची घडी केली. "माझं आपलं एक मत आहे. बाकी चौघं आहेत."

पत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. 'आपल्या प्रदीर्घ सेवेची संस्थेस जाणीव आहे' अशी त्याची सुरुवात होती. संस्थेला जाणीव झाली, की पुढचं वाचायची गरज नसते. मंदाकिनीबाईंनी तरी पूर्ण वाचलं, एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक होती ती पेन्सिलीनं सुधारली आणि पत्र फायलीला लावलं. मुलींना काही सांगितलं नाही. परीक्षा तोंडावर होत्या; परीक्षेच्या दिवसांत मुलींचं लक्ष विचलित होईल असं काही करायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःपुरता तरी पाळला.

मे महिन्यात होस्टेल रिकामं झालं. एकतीस तारखेला दुपारी चारला आमोद गाडी घेऊन आला. कपाट संस्थेचं होतं. साड्या दोन बॅगांत मावल्या. निघताना फोनवर कारंज्याहून दीपमालाचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला, मागे कुठे तरी म्हैस हंबरत होती: "मॅडम, पंधरा तारखेले टीमसोबत बंगळूरले चालली मी. पुढच्या वर्षी मोठं बनवू, हां. एक टोक तुमीच धराल." मंदाकिनीबाईंनी तो दोनदा ऐकला आणि उत्तरात 'बरं' एवढंच लिहिलं.

गेटवर बद्रीनाथ होता, त्या महिन्यात लागलेला नवा वॉचमन. त्यानं गाडी अडवली आणि एक वही काचेतून आत दिली.

"म्याडम, सही लागती. बाहीर जानाऱ्या परतेक लेडीजची."

"अहो, त्या रेक्टर आहेत," आमोद म्हणाला.

"आसत्याल. पर भिंतीवर लिवलंय, अपवाद न्हाई म्हून."

ते त्यांनीच लिहिलं होतं. मंदाकिनीबाईंनी पेन घेतलं.

तेव्हा एकूण जमा अशी. दीपमालाला टीममधली जागा मिळाली. वारज्याच्या हॉलमध्ये त्या रविवारी विमान दोन मिनिटं नऊ सेकंद राहिलं. स्वरालीला वर्षभर सांगायला एक गोष्ट मिळाली. कॉलेजला फलकावर लावायला एक फोटो मिळाला. कुसुमताईंना दही लावायला उरलेला अर्धा थर्माकोल परत मिळाला. यज्ञेश्वररावांना कमिटीत सांगण्यासारखं एक मत मिळालं, जे त्यांनी सांगितलं आणि जे चाराला एक पडलं. गेटची वेळ सातचीच राहिली. आणि या सगळ्याची भरपाई कोणी केली, ते त्या वहीच्या पानावर शेवटच्या ओळीत आहे: नाव, मंदाकिनी वर्तक. जाण्याची वेळ, चार वाजून दहा मिनिटं. कुठे, वारजे. परत येण्याच्या वेळेच्या रकान्यात एक रेघ. ग्रंथालयातल्या हाताची, अगदी सरळ.